एकोणपन्नासाव्या वर्षी क्रॉस कंट्री: वयोगट, जन्मतारीख आणि टेकडी

कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: वय ४९. सहा वर्षं रस्त्यावर पळतोय, हाफ मॅरेथॉन १ तास ५२ मिनिटांत होते. आता मास्टर्समध्ये (पस्तिशीपुढच्यांच्या वयोगटाच्या स्पर्धांत) क्रॉस कंट्री, म्हणजे गवत-माती-चढउतारावरची शर्यत, पळावंसं वाटतं. येत्या फेब्रुवारीत पन्नास पूर्ण होतील, पण शाळेच्या दाखल्यावर आणि त्यामुळे सगळ्याच कागदांवर जन्मतारीख त्याच वर्षातली १ जून आहे. मग माझा गट कोणता? ४५ ते ४९च्या गटात शेवटच्या वर्षी मार खाण्यापेक्षा पन्नाशीपर्यंत थांबू का? ग्रुपमधले दोघं, एक ४६चा आणि एक ४७चा, मला त्यांच्या टीममध्ये घ्यायला बघतायत, ते चालतं का? टेकडीची अजिबात सवय नाही, तयारी कुठून करू? पत्नी ४६ वर्षांची आहे, तिलाही यायचंय.

या सगळ्यात 'थांबू का' हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर आधी देते: थांबू नका. पन्नाशीच्या गटातलं पहिलं वर्ष तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं वर्ष असणार आहे. ते वर्ष चिखलात पाय कसा टाकायचा हे शिकण्यात घालवायचं नसेल, तर शिकणं आत्ताच, ४५च्या गटाच्या या शेवटच्या वर्षात उरकायला हवं. त्याचं कारण पुढे येईल. आधी गट कसा ठरतो ते बघू, कारण बरीच मंडळी तिथेच चुकतात.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाले. स्वतः ३८व्या वर्षी मास्टर्समध्ये उतरले, आता ६३ चालू आहे, आणि गेली पंधरा वर्षं पहाटे चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींचा सराव घेते. पुढचं सगळं त्या अनुभवातून.

मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये गट पाच-पाच वर्षांचे असतात. वर्ल्ड मास्टर्स ॲथलेटिक्स ही जागतिक संघटना पुरुष आणि महिला दोघांचीही सुरुवात ३५ पासून करते: ३५ ते ३९, ४० ते ४४, आणि असंच चढत थेट शंभरीपलीकडे. निकालपत्रकात एम ४५ (पुरुष), डब्ल्यू ४५ (महिला) असं लिहिलेलं दिसेल. आपल्याकडच्या कित्येक मीटमध्ये, म्हणजे स्पर्धांमध्ये, ३०चाही गट ठेवतात. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमधून आलेल्यांना हे नवीन असतं, कारण तिथे गट आयोजक आपल्या सोयीने पाडतो, कुठे दहा वर्षांचे, कुठे पंधरा वर्षांचे. त्यामुळे मॅरेथॉनच्या सर्टिफिकेटवर तुमचा जो गट लिहिलाय तो इथे धरून चालू नका.

वय मोजतात ते स्पर्धेच्या पहिल्या दिवशी. तुमची शर्यत ज्या दिवशी आहे त्या दिवशी नव्हे. समजा मीट शुक्रवारी सुरू होते, क्रॉस कंट्री रविवारी आहे आणि शनिवारी तुम्हाला पन्नास पूर्ण होतात. तरी तुम्ही संपूर्ण मीटभर ४५च्याच गटात. शाळा-कॉलेजच्या खेळाडूंबरोबर काम केलेले प्रशिक्षक इथे हमखास गोंधळतात, कारण ज्युनियर गटांत वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात आणि तीच सवय डोक्यात बसलेली असते. 

हा नियम मी पदक गमावून शिकले. माझा ४५वा वाढदिवस मीटच्या तिसऱ्या दिवशी येत होता. नावनोंदणीच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही, मला ४५चा चेस्ट नंबर मिळाला, मी पळले, पहिली आले. संध्याकाळी निकाल फिरवला आणि दुसऱ्या आलेल्या बाईंना पहिलं स्थान दिलं. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. पण मला ४०च्या गटात पळवलं असतं तर माझी त्या वर्षीची तयारी वाया गेली नसती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी सर्क्युलर (स्पर्धेचं नियमपत्रक) हातात घेऊन, वय कोणत्या तारखेला मोजणार त्या ओळीखाली पेनाने रेघ मारायला लावते.

आता तुमची १ जून. महाराष्ट्रात आपल्या पिढीत ही तारीख घरोघर सापडते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला हात धरून न्यायचे, जन्माची नोंद कुणाकडे नसायची, आणि मास्तर वय जुळेल असं वर्ष धरून १ जून टाकून मोकळे व्हायचे. पुढे तोच दाखला रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे गेला. माझ्या सरावातल्या अठरा जणांपैकी पाच जणांची तारीख १ जून आहे.

मास्टर्समध्ये कागद चालतो, आईची आठवण चालत नाही. देशातल्या मीटला आधार किंवा जन्मदाखला मागतात, परदेशात पासपोर्ट. तुमच्या पासपोर्टवर १ जून असेल तर ३१ मेपर्यंत सुरू होणाऱ्या प्रत्येक मीटमध्ये तुम्ही ४५च्या गटात आहात आणि १ जूनपासून पन्नासच्या. फेब्रुवारीत घरी औक्षण जरूर करून घ्या, पण नावनोंदणीच्या फॉर्मवर त्याचा काही परिणाम नाही. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत खरी फेब्रुवारीची नोंद सापडत असेल आणि ती दुरुस्त करायचीच असेल, तर सगळ्या कागदांवर एकदम करा, वकिलाच्या सल्ल्याने करा आणि आयुष्यातल्या इतर कामांसाठी करा. एका मीटला एक कार्ड आणि दुसऱ्या मीटला दुसरं, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. मास्टर्सचा सगळा खेळ वयाच्या खरेपणावर उभा आहे. तारीख फिरवणं म्हणजे शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या घामाची चोरी.

तर मग पहिलं वर्ष एवढं मोलाचं का? पस्तिशीनंतर लांब पल्ल्याचा वेग दर वर्षी साधारण अर्धा ते एक टक्का उतरतो, सत्तरीनंतर घसरण वाढते. नियमित सराव असणाऱ्यांचा कमी उतरतो, पण उतरतो. म्हणजे ५० वर्षांचा आणि ५४ वर्षांचा असे दोन सारख्या दमाचे धावपटू घेतले, तर दोघांत सुमारे २ ते ४ टक्क्यांचा फरक पडतो. ८ किलोमीटरला ४० मिनिटं लागतात असं धरा, तर ४ टक्के म्हणजे ९६ सेकंद. क्रॉस कंट्रीत ९६ सेकंदांत पंधरा माणसं पुढे निघून जातात. मास्टर्सच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांनाही हेच दिसलं आहे: प्रत्येक गटाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत भाग घेणारे जास्त आणि विक्रमही जास्त.

हे ऐकलं की लोक म्हणतात, मग चौथ्या-पाचव्या वर्षी कशाला पळायचं? मी त्यांना उलट सांगते. पाच वर्षांचं एक चक्र धरा. शेवटचं वर्ष नवीन गोष्टी शिकण्याचं. कारण त्या वर्षी निकालाचं ओझं नसतं, पडलात-धडपडलात तरी काही बिघडत नाही. पहिलं आणि दुसरं वर्ष जीव ओतून स्पर्धा करण्याचं. मधली दोन वर्षं ताकद वाढवायला, जुनी दुखणी पूर्ण बरी करायला. तुम्ही नेमके शिकण्याच्या वर्षात उभे आहात. या वर्षात दोन-तीन क्रॉस कंट्री पळून घ्या, मग १ जूननंतर पहिल्या मीटला तुम्ही नवखे नसाल.

टीमचं सोपं आहे. मास्टर्सच्या जागतिक स्पर्धेत क्रॉस कंट्रीची टीम तिघांची असते, एकाच देशाच्या तिघांच्या वेळांची बेरीज करतात, आणि टीम कोणत्या गटात हे सगळ्यात तरुण सदस्यावरून ठरतं. वयाने मोठा माणूस खालच्या गटाच्या टीमला मदत करू शकतो, धाकटा वरच्या गटात जाऊ शकत नाही. म्हणजे आत्ता तुम्ही तिघंही ४५चेच आहात, प्रश्नच नाही. पुढच्या वर्षी तुम्ही पन्नासच्या गटात गेलात तरी त्या दोघांच्या टीमला उतरून येऊ शकाल. वैयक्तिक निकालात मात्र तुमचं नाव तुमच्याच गटात राहतं. जिल्हा किंवा राज्य पातळीवर टीम क्लबची की जिल्ह्याची, वेळांची बेरीज की क्रमांकांची, हे सर्क्युलरमध्ये वाचा. क्रमांकांची बेरीज असेल तर कमीत कमी बेरजेची टीम जिंकते, आणि तिथे तिसरा माणूस निकाल ठरवतो. पहिले दोघं आठ-दहा सेकंद मागेपुढे झाल्याने एखाद-दुसरा क्रमांक बदलतो; तिसरा मधल्या घोळक्यात चालायला लागला की एका मिनिटात वीस क्रमांक जातात. तुमच्या तिघांत जो सर्वांत मागे असतो त्याच्या सरावाकडे सगळ्यांनी मिळून लक्ष द्या.

आता क्रॉस कंट्री म्हणजे नेमकं काय पळायचं आहे. जागतिक मास्टर्स स्पर्धेत अंतर वयाप्रमाणे साधारण ६ ते ८ किलोमीटर असतं, एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, खाली गवत, माती, चढउतार, कधी चिखल. तुमच्या हाफचा वेग किलोमीटरला सव्वापाच मिनिटांच्या जवळ पडतो. तेवढ्याच कष्टात ओल्या गवतावर तुम्हाला २० ते ४० सेकंद जास्त लागतील. हे आधी माहीत नसलं की माणूस घड्याळ बघत पहिल्याच फेरीत वेग वाढवतो आणि तिसऱ्या फेरीत चालायला लागतो. म्हणून माझा नियम आहे: क्रॉस कंट्रीला घड्याळ घरी ठेवायचं. श्वासावर पळायचं. पहिल्या फेरीत दोन-तीन शब्द बोलता आले पाहिजेत.

प्रगती कशी मोजायची हाही याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. वयानुसार टक्केवारी काढायची एक चांगली पद्धत मास्टर्समध्ये आहे, एज ग्रेडिंग. तुमच्या वयाच्या माणसासाठी ठरवलेली प्रमाण वेळ भागिले तुमची वेळ. ६० टक्क्यांना स्थानिक दर्जा, ७० ला विभागीय, ८० ला राष्ट्रीय, ९० ला जागतिक असं ढोबळमानाने धरतात. तुमची हाफ त्यात ५५ ते ६० च्या दरम्यान बसेल, म्हणजे वाढायला भरपूर जागा आहे. पण ही टक्केवारी ट्रॅकवर आणि मोजलेल्या रस्त्यावर खरी. क्रॉस कंट्रीत ती लावू नका. दोन मैदानं सारखी नसतात, आणि एकच मैदान जुलैत आणि जानेवारीत सारखं नसतं. तिथे मी वेगळा हिशेब ठेवते: आपल्याच ताकदीची चार-पाच माणसं निवडायची, प्रत्येक शर्यतीत त्यांच्यापासून आपण किती सेकंद मागे किंवा पुढे होतो ते वहीत लिहायचं. दोन हंगामांत ती वही खरं काय ते सांगते.

आता तयारी. कोथरूडला राहून टेकडीची सवय नाही म्हणता, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण वेताळ टेकडी तुमच्या दारात आहे. पौड रोडकडून एआरएआयकडे (टेकडीवरची वाहन संशोधन संस्था) चढणारा डांबरी रस्ता, तिथून सुरुवात करा. डांबरावर चढ एकसारखा असतो, पाय कुठे पडतोय याची चिंता नसते, त्यामुळे शरीर फक्त चढाला सरावतं. पहिले चार आठवडे, आठवड्यातून एकदा, साठ सेकंद चढ पळायचा आणि चालत खाली यायचं. सहा वेळा. पाचव्या आठवड्यापासून आठ, मग दहा, मग नव्वद सेकंद. वेग असा की शेवटचा चढ पहिल्याइतकाच झाला पाहिजे. चढताना नजर दहा-बारा पावलं पुढे, पाऊल आखूड, हात कोपरातून मागे खेचायचे. कमरेत वाकायचं नाही; घोट्यातून सगळं शरीर किंचित पुढे झुकलं पाहिजे.

त्यानंतर वरच्या पठारावर या. वेताळाच्या देवळाकडे जाणाऱ्या पायवाटा, गिरिपुष्पाच्या झाडीतल्या वाटा, खाणीच्या बाजूचा भाग, इथे तुम्हाला सगळ्या प्रकारची जमीन मिळते. मुरूम, उघडा खडक, गवत, पावसाळ्यात चिकट माती. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतची टेकडी ही पुण्याने आपल्याला दिलेली क्रॉस कंट्रीची शाळा आहे. जमीन मऊ असते, पाऊल रुततं, पोटरीला आणि नितंबाला काम करावंच लागतं. मार्च ते मे या काळात तीच वाट दगडासारखी कडक होते आणि वर सुटा मुरूम पसरलेला असतो. तेव्हा उतारावर घसरून मनगट मोडून घेतलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. उन्हाळ्यात चढ करा, उतार चालत या.

उतारावर मला जरा थांबायचंय, कारण पन्नाशीच्या धावपटूंना चढापेक्षा उतारच जास्त घायाळ करतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो. सवय नसेल तर दुखणं त्याच दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं, आणि जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतो. दर दहा दिवसांनी थोडा थोडा उतार पळलात तर महिन्या-दीड महिन्यात तो त्रास बराच कमी होतो. उतार गवताचा आणि मंद असा निवडा, दोनशे मीटर पुरेसे. मागे रेलून टाचेवर ब्रेक लावत उतरू नका, पावलं आखूड आणि झटपट टाका, हात थोडे बाहेर सोडा. शर्यतीत चढावर मिळवलेले दहा सेकंद लोक उतारावर भीतीपोटी घालवतात.

रस्त्यावर सहा वर्षं पळालेल्या माणसाचा दम तयार असतो, पण घोटा आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध तयार नसतो. तो एकाच कोनातून हजारो वेळा वाकलेला असतो. टेकडीवर प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं. आणि वयाबरोबर स्नायुबंधाला बळ यायला महिने लागतात, आठवडे नाही. म्हणून आजपासूनच रोज दात घासताना एका पायावर उभं राहा, आधी डोळे उघडे, जमलं की डोळे मिटून. आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधराचे तीन संच, पुढे पाठीवर सॅक घेऊन. बैठका, लंजेस, वजन उचलणं हे सगळं मी माझ्या सर्व विद्यार्थ्यांना लावते. पन्नाशीनंतर स्नायू आपसूक कमी होतात. पळण्याने ते टिकत नाहीत, वजनाने टिकतात. यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

आठवड्याची मांडणी अशी ठेवा: मंगळवारी चढ, शुक्रवारी गवतावर किंवा मातीवर मध्यम जोराचे काही तुकडे, रविवारी टेकडीवर सव्वा ते दीड तास अगदी सावकाश. मधले दिवस हलकं पळणं, चालणं किंवा वजन. दोन कष्टाच्या दिवसांमध्ये दोन सोपे दिवस. तिशीत एक पुरायचा, आता दोन लागतात. सावकाश पळण्याला कमी लेखू नका. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये वयाच्या ७३व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली, आणि त्यांचा बहुतेक सराव घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास शांतपणे फेऱ्या मारण्याचा होता.

टेकडीवर अंधारात एकटं जाऊ नका. पुरुषांनीही. उजाडल्यावर किंवा ग्रुपबरोबर.

बुटांबद्दल लोक फार विचारतात. आपल्या टेकड्या म्हणजे बेसॉल्ट. त्यावर लोखंडी खिळ्यांचे स्पाइक्स घालून गेलात तर खडकावर सरळ घसराल. सरावाला खोल खाचांचे ट्रेल शूज घ्या, टाच फार उंच नसलेले. जाड गादीचे रस्त्यावरचे बूट तिरक्या जमिनीवर घोटा मुरगळवतात. स्पाइक्स फक्त पूर्ण गवताच्या किंवा चिखलाच्या कोर्ससाठी, कडक गवतावर ९ मिलिमीटरचे, चिखलात १२ किंवा १५चे. स्पाइक्समध्ये टाच खाली येते आणि पोटरीवर एकदम ताण पडतो, म्हणून शर्यतीआधी किमान चार-पाच वेळा ते घालून थोडं थोडं पळून बघा. आपल्याकडच्या मीटमध्ये कोर्सचा काही भाग डांबरी किंवा खडीचा निघतोच. त्यामुळे आदल्या संध्याकाळी कोर्स चालून आल्याशिवाय मी बूट ठरवत नाही.

औषधांचा विषय जरा गंभीर आहे. मास्टर्समध्येही उत्तेजक चाचणी होऊ शकते. पन्नाशीत रक्तदाबाची गोळी खूप जणांना असते आणि तिच्यात अनेकदा लघवी वाढवणारा घटक मिसळलेला असतो: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन. हे प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. इन्सुलिनही यादीत आहे. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी स्पर्धेत उतरतो. बहुतेकदा पर्यायी गोळी असते, नसेल तर उपचारासाठी सूट मिळण्याचा अर्ज रीतसर करता येतो. आणि तुम्ही दोघांनीही चढाचा सराव सुरू करण्याआधी ईसीजी, डॉक्टर म्हणाले तर ट्रेडमिल टेस्ट, साखर, हिमोग्लोबिन करून घ्या. चढावर छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर यांपैकी काही झालं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. 'ॲसिडिटी असेल' म्हणत घरी बसू नये.

आता वहिनींचं. कागदावरही ४६ असतील तर गट डब्ल्यू ४५. त्यांना मी एक गोष्ट मनापासून सांगेन: आपल्याकडे महिलांच्या गटांत माणसं कमी असतात. तिघीच उतरल्या तर तिघींनाही पदक मिळतं, आणि मग बाहेरचे लोक त्या पदकाला हलकं लेखतात. त्याकडे लक्ष देऊ नका. तिघी उतरल्या कारण बाकीच्या तीनशेजणींना घरातून निघता आलं नाही. पण स्वतःचं मोजमाप पदकावर ठेवू नका, सगळ्या वयांच्या महिलांत मिळून आपण कितव्या आलो ते वहीत लिहा. एका मीटमध्ये आम्हा ५५च्या पुढच्या सगळ्या बायकांना संख्या कमी म्हणून ऐनवेळी एकाच गटात घातलं. सत्तरीच्या एक आजी ५६ वर्षांच्या बाईंशी पळाल्या. मी लेखी हरकत घेतली, पुढच्या वर्षी गट वेगळे झाले. अशा वेळी गप्प राहू नये. दुसरं, पाळी थांबण्याच्या आसपासच्या वर्षांत हाडं वेगाने विरळ होतात, झोप मोडते, रक्तस्राव जास्त होत असेल तर लोह खाली जातं आणि चढावर कारण नसताना दम लागतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. वजनाचा व्यायाम त्यांच्यासाठी तुमच्यापेक्षाही जास्त गरजेचा आहे, आणि जेवणात प्रत्येक वेळी प्रथिनं: अंडी, डाळी, पनीर, मासे, जे घरात चालतं ते.

ऊन हा क्रॉस कंट्रीचा जुना शत्रू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उकाड्यात ३८ जण निघाले आणि १५च जण पोचले. त्यानंतर ऑलिंपिकमधून क्रॉस कंट्री कायमची गेली. आपल्याकडे मास्टर्सच्या मीटमध्ये एका गटानंतर दुसरा असं करत शर्यत नऊ-साडेनऊपर्यंत लांबू शकते. सावलीत थांबा, वॉर्मअप आखूड करा, टोपी भिजवून घाला.

शर्यतीच्या दिवशी पुष्कळदा तीन-चार वयोगट एकदम सोडतात. मोठ्या स्पर्धांत पाठीवर वयोगटाचा नंबर लावायला देतात, तो नीट दिसेल असा लावा आणि पुढच्याची पाठ वाचत पळा. एखादे पासष्टीचे गृहस्थ तुम्हाला मागे टाकून जातील, त्यांच्यामागे धावून दम घालवू नका. तुमची शर्यत पाठीवर ४५ असलेल्यांशी आहे. सुरुवातीचं मैदान रुंद असतं आणि दोन-तीनशे मीटरवर वाट अरुंद होते. तिथे अडकू नये इतपत जोर सुरुवातीला लावा, मग लगेच श्वास जागेवर आणा. वळणावर आतल्या बाजूला चिखल तुडवलेला असतो, एक पाऊल बाहेरून जाणं पुष्कळदा जलद पडतं. चढाच्या माथ्यावर सगळे जरा सैल होतात. तिथे पुढची वीस पावलं जोर टिकवा, दोन माणसं सहज मागे पडतात. हे मी प्रत्येक मंगळवारी करून घेते: चढ संपला तरी वीस पावलं थांबायचं नाही.

शेवटी फनेलमध्ये (शेवटच्या रेषेपलीकडची निमुळती वाट) ज्या क्रमाने आलात त्याच क्रमाने उभे राहा, कुणाला पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर टीमचे क्रमांक बदलतात. निकाल जाहीर झाला की हरकत घ्यायला साधारण अर्धा तासच मिळतो. म्हणून फोटो नंतर काढा, आधी फलकापाशी जा, चेस्ट नंबर बघा, वेळ बघा, आणि तुमच्या नावापुढे एम ४५च लिहिलंय ना, वहिनींच्या नावापुढे डब्ल्यू ४५ आहे ना, ते बोट ठेवून वाचा.